दोन युनिटांची एकादशी

सावद्याला एकादशीच्या दिवशी केळं टाळणं कठीण. रावेर तालुक्यातलं हे गाव केळीच्या बागांनी वेढलेलं आहे, इथल्या स्टेशनातून केळी दिल्लीकडे रवाना होतात, आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. केळं घरचं असतं, देवापुढे ठेवलेलं असतं, उपासाला चालतं. एका मध्यम केळ्यात 25 ते 27 ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्याला शुगर नाही त्याला हा आकडा माहीत असायचं कारण नाही. ज्याच्या खिशात इन्सुलिनचं पेन आहे त्याला मात्र प्रसादाच्या केळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणाऱ्या बऱ्याच प्रौढांना 10 ते 15 ग्रॅम कर्बोदकांमागे साधारण एक युनिट लागतं. म्हणजे एका केळ्याला दोनच्या आसपास.

हा हिशेब करणारी माणसं आता थोडी राहिलेली नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेह असलेल्यांचा अंदाज 10 कोटी 10 लाख दिला. त्यातल्या उपचार घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य गोळ्यांवर असतात, काहींना इन्सुलिन लागतं. आणि सावद्याच्या परिसरात उपवास न करणारं घर शोधावंच लागेल. गावात स्वामिनारायण मंदिर आहे, शेजारी फैजपूरला सतपंथाचं मंदिर आहे, थोडं पुढे मुक्ताईनगरला संत मुक्ताबाईंचं स्थान आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. यावल-रावेरच्या तडवी भिल्लांच्या घरांत रोजे असतात, जळगावच्या जैन घरांत पर्युषण. देव वेगवेगळे, पण डॉक्टरांना न सांगता धरलेला उपास सगळीकडे सारखाच.

तेव्हा प्रश्न असा : जो माणूस दिवसातून दोन-चार वेळा पोटात सुई टोचून जगतो, त्याचा उपवास खरा धरायचा का? सुईने व्रत मोडतं का, हा त्याचा सोपा भाग. अवघड भाग वेगळाच आहे. त्या दिवशी त्याने नेहमीच्या चौदा युनिटांऐवजी नऊ घेतली, दुपारी बोट टोचून शुगर पाहिली, 68 दिसल्यावर साखर खाल्ली, तर जे उरलं ते व्रत की नुसती आकडेमोड?

सोपा भाग आधी उरकू. व्रतभंग कशाने होत नाही याची आठ गोष्टींची एक यादी महाभारताच्या उद्योगपर्वात आहे आणि पुढच्या धर्मशास्त्रकारांनी ती पुन्हा पुन्हा उद्धृत केली आहे : पाणी, मुळं, फळं, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. औषध शेवटी येतं, पण येतं. इन्सुलिन तर तोंडानेही घ्यायचं नसतं आणि त्याने पोटही भरत नाही. इस्लामी बाजूलाही उत्तर याच दिशेचं आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 सालच्या अधिवेशनात उपचारासाठी कातडीखाली दिलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असा ठराव केला. पोषण पुरवणारी सलाइन मात्र त्यातून वगळली. म्हणजे सुईबद्दल दोन्हीकडचे ग्रंथ निवांत आहेत. घाबरतो तो रुग्ण, आणि बऱ्याचदा त्याच्या घरचे.

ग्रंथांचं पाहायचं तर महाराष्ट्रात एकादशीबद्दल बोलताना धर्मसिंधू सोडून चालत नाही. काशीनाथ उपाध्याय यांनी तो 1790 च्या सुमारास लिहिला, आणि तोही पंढरपुरात, म्हणजे एकादशीच्या राजधानीत. मूळचे कोकणातले, विठ्ठलाचे निस्सीम भक्त. अशा माणसाच्या ग्रंथात नियम कडक असणार असं वाटतं, आणि ते आहेतही. पण त्या कडकपणाला पायऱ्या आहेत. एकादशीचं बंधन आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला. त्यातही ज्याला पूर्ण निराहार झेपत नाही त्याच्यासाठी निबंधग्रंथांनी एक उतरंड सांगितली आहे : फक्त रात्री एकदा जेवणं, मग हविष्यान्न, मग भात वगळून दुसरं काही, मग फळं, तीळ, दूध, पाणी, तूप, पंचगव्य आणि सगळ्यात वर निव्वळ वायू. प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा श्रेष्ठ, पण खालची पायरीही व्रतातच मोजली जाते. आणि ज्याला यातलं काहीच शक्य नाही त्याच्यासाठी प्रतिनिधी : मुलगा, बायको, नवरा, भाऊ, बहीण, पुरोहित किंवा मित्र यांनी त्याच्या वतीने उपवास करावा.

हे वाचून आश्चर्य वाटतं ते आजच्या माणसाच्या हट्टाचं. तो दोनच टोकं ओळखतो : एक तर निर्जळा, नाहीतर काहीच नाही. अठराव्या शतकातल्या पंढरपूरच्या शास्त्र्याला मधल्या दहा पायऱ्या दिसत होत्या.

मधल्या काळात त्या पायऱ्यांवर साबुदाणा येऊन बसला. ज्या कसाव्यापासून तो होतो ते झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. बटाटा, शेंगदाणा, रताळं आणि खिचडीतली मिरचीसुद्धा अमेरिकेच्याच भूमीतून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली. साबुदाण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमच्या आसपास उभे राहिले ते तर विसाव्या शतकात. जुन्या ऋषींना यातलं काही ठाऊक नव्हतं. फराळाचं अख्खं ताट परदेशातून आलं, ते कुणाला खटकलं नाही. इन्सुलिनच्या सुईपाशी मात्र 'आपल्यात असं चालतं का' हा प्रश्न उभा राहतो. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, तंतू जवळजवळ नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण ज्यांनी केली त्यांच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता, पण निदान बरोबर होतं.

आता इतिहासातली एक गोष्ट, जिच्याशिवाय हा प्रश्न नीट समजत नाही.

इन्सुलिन सापडण्याआधी मधुमेहावर जो एकमेव उपाय थोडाफार चालत होता तो उपवास होता. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरने 1910 नंतरच्या दशकात उपासमारीचा उपचार रूढ केला. रुग्णाला आधी लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचं, मग इतकंच खायला द्यायचं की साखर परत दिसू नये. मुलं हाडांचे सापळे होऊन काही महिने, फार तर काही वर्षं जगत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ या उपचारावर तीन वर्षं टिकली. 1922 च्या ऑगस्टमध्ये टोरँटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे तिला आणलं तेव्हा पंधराव्या वर्षी तिचं वजन वीस-एकवीस किलो होतं. त्याच वर्षी 11 जानेवारीला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं होतं. ते अशुद्ध होतं, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीला टोचला आणि साखर उतरली. एलिझाबेथला इन्सुलिन मिळालं, ती जेवू लागली, मोठी झाली, संसार केला आणि 1981 साली वारली.

एलिझाबेथची ती तीन वर्षं उपवास म्हणायची का? कोणताही धर्म म्हणणार नाही. तिने काही सोडलं नव्हतं. तिच्याकडून ते काढून घेतलं गेलं होतं. ज्याला खाताच येत नाही त्याच्या न खाण्याला व्रत म्हणत नाहीत, नाहीतर दुष्काळातला प्रत्येक भुकेला माणूस तपस्वी ठरला असता. सोडण्यासाठी हातात आधी काहीतरी असावं लागतं. मधुमेही माणसाच्या हातात ते इन्सुलिनने दिलं. त्याला जेवता येऊ लागलं, म्हणून एक दिवस जेवण सोडता येऊ लागलं. हे ध्यानात घेतलं तर सुई व्रताच्या आड येत नाही, उलट तिच्यामुळेच व्रत शक्य होतं. जो एकादशीला 'आज देवाचा दिवस, आज सुई नको' म्हणतो तो उपवासाचा पायाच काढून घेतो. टाइप 1 मधुमेहात मूळचं, चोवीस तास चालणारं इन्सुलिन बंद केलं तर दिवस-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो. पोटात अन्नाचा कण नसला तरी ते इन्सुलिन लागतंच, कारण यकृत स्वतः साखर तयार करत असतं.

धर्माचा एक खरा पेच मात्र इन्सुलिनमध्ये होता, आणि तो उपवासाचा नव्हता. साठ वर्षं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढलं जात होतं. स्वामिनारायण संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामी यांनी 1826 साली वडतालला लिहिलेल्या शिक्षापत्रीत मद्य किंवा मांस मिसळलेलं औषध घेऊ नये असा स्पष्ट आदेश आहे. सावद्याच्या सत्संगी घरात 1970 साली कुणाला इन्सुलिन लागलं असेल तर त्याच्यापुढे काय पर्याय होता? मुसलमानाला डुकराचं वावडं, हिंदूला गाईचं आणि जैनाला दोन्हींचं. बाटलीवर बारीक अक्षरात प्राण्याचं नाव असे. ते किती घरांत वाचलं गेलं आणि किती घरांत मुद्दाम वाचलं गेलं नाही, हे सांगता येणार नाही. प्रत्येक परंपरेत प्राण वाचवण्याची सवलत होतीच, पण ती खाली मान घालून घ्यावी लागली असणार. 1982 साली जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झालं. 2003 साली वोक्हार्टने मानवी इन्सुलिन भारतात तयार करून बाजारात आणलं, त्यांचं जैवतंत्रज्ञान केंद्र तेव्हाच्या औरंगाबादचं. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या बायोकॉनचं आलं. कोणत्याही धर्मसभेला जो पेच सोडवता आला नसता तो किण्वाने भरलेल्या पोलादी टाक्यांनी मिटवला. त्याचा गाजावाजा झाला नाही. आज फारच थोड्या भाविकांना हे माहीत आहे, आणि तसं असणंही बरंच.

राहिला मापाचा प्रश्न. इथे पेन येतं.

पहिलं इन्सुलिन पेन डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने 1985 साली आणलं. त्याआधी, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आजही, बाटली आणि सिरिंज. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक मिलिलिटरला 40 युनिटचं, पेनाच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिटचं. सिरिंजवरच्या बारीक रेघांवर डोळे ताणून दोन-तीन युनिट मोजताना चूक होतेच. मात्रा जितकी लहान तितका त्या चुकीचा वाटा मोठा. पेनाची चकती एकेका युनिटाला कट् करते. मोतीबिंदू झालेल्या आजींनाही ती ऐकू येते, बोटाला जाणवते. चुकून पुढे गेली तर मागे फिरवता येते. मुळात लहान मुलांसाठी काढलेली काही पेनं अर्ध्या युनिटाने सरकतात, आणि ज्या प्रौढांचं शरीर इन्सुलिनला फार पटकन प्रतिसाद देतं त्यांनाही ती सोयीची पडतात. अर्ध्या युनिटाने असा काय फरक पडतो? डॉक्टर एक ढोबळ आडाखा वापरतात : 1800 ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागायचं, जे येईल तितकी साखर एका युनिटाने उतरते. दिवसाला 60 युनिट घेणाऱ्या जाड माणसाची एका युनिटाने 30 उतरेल. दिवसाला 20 घेणाऱ्या हडकुळ्या माणसाची 90. पहिल्याने एक जास्त घेतलं तर काही बिघडत नाही. दुसऱ्याची साखर उपवासाच्या दुपारी 130 असेल तर तेच एक युनिट त्याला 40 वर आणून पाडेल.

हा हडकुळा मधुमेही आपल्याकडे अपवाद नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, आणि वजनाने कमी पण चरबीने जास्त असं भारतीय बाळ जगापुढे ठेवलं. त्याच्याही पुष्कळ आधी चरकसंहितेने प्रमेहाचे रुग्ण दोन तऱ्हांचे मानले होते, स्थूल आणि कृश. स्थूलाला शोधन, कृशाला पोषण. म्हणजे आयुर्वेदसुद्धा प्रत्येक मधुमेह्याला लंघन सांगत नाही. 'उपास केल्याने शुगर बरी होते' असं छातीठोक सांगणाऱ्याने आधी समोरच्याच्या फासळ्या मोजाव्यात.

पेनाचे काही नियम आहेत आणि ते एखाद्या पूजेच्या विधीइतके ठरलेले आहेत. गढूळ मिश्र इन्सुलिन असेल तर आधी तळहातांमध्ये दहा वेळा घोळवायचं, दहा वेळा वर-खाली करायचं. सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं. टोचल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई काढायची नाही. आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे : पेनाच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढायचं नाही. लाल टोपीची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी असते. तिच्यात 10 च्या रेघेपर्यंत 100 चं इन्सुलिन भरलं तर शरीरात 25 युनिट जातात. पेन बिघडलं, सुया संपल्या, मेडिकल बंद आहे, अशा रात्री हे घडतं.

आता एकादशीचा दिवस. आपल्याकडे बरेच लोक मिश्र इन्सुलिन घेतात, सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या मात्रेत. ते ठरलेलं जेवण गृहीत धरतं. सकाळी नेहमीची मात्रा घेऊन माणूस नुसत्या चहावर राहिला तर दुपारी घाम, थरथर, छातीत धडधड, मग असंबद्ध बडबड, मग बेशुद्धी. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला, आणि ते म्हणतात झोपू दे जरा. दुसरा प्रकार उलटा : उपास म्हणून सुई निम्मी केली आणि सकाळी खिचडी, दुपारी केळी, रात्री भगर-आमटी आणि राजगिऱ्याचा लाडू. द्वादशीच्या पहाटे शुगर 350. पहिल्याला फार मोठी मात्रा नडली, दुसऱ्याला फार छोटी, आणि दोघांनीही ती अंदाजाने ठरवली होती. पेन इथे मदत करतं ते इतकंच, की डॉक्टरांशी बोलून ठरवलेली मात्रा, मग ती नऊ असो की साडेतीन, नेमकी तेवढीच जाते. काय खाणार हे मात्र माणसालाच आधी ठरवावं लागतं. धर्मसिंधूच्या उतरंडीतली आपली पायरी कोणती, हे जो आदल्या दिवशी सांगू शकतो त्याच्यासाठी डॉक्टर मात्रा बसवू शकतात. जो 'बघू, झेपेल तसं' म्हणतो त्याच्यासाठी पेनही काही करू शकत नाही.

रमजानच्या बाबतीत हे काम जास्त शिस्तीने झालं आहे, हे मान्य केलं पाहिजे. कुराणात आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची, आणि ज्याला कधीच शक्य नाही त्याला गरिबाला जेवू घालण्याची सूट आहे. तरीही 2001 साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या पाहणीत टाइप 2 च्या 79 टक्के आणि टाइप 1 च्या 43 टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. साखर धोकादायक उतरून रुग्णालयात जाण्याचं प्रमाण टाइप 1 मध्ये पावणेपाच पट झालं, टाइप 2 मध्ये साडेसात पट. सूट होती, पण लोकांना ती नको होती. घरातले सगळे पहाटे सहरीला उठतात तेव्हा एकट्याने अंथरुणात पडून राहणं, संध्याकाळी इफ्तारला बसताना आपण दिवसभर जेवलो आहोत हे माहीत असणं, याची टोचणी सुईपेक्षा जास्त असते. वारीत चालणाऱ्याला, पर्युषणात अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, करणाऱ्यांच्या घरातल्या आजारी माणसाला हे वेगळं सांगायला नको. ग्रंथ क्षमा करतो, पण माणसाला क्षमा नको असते, त्याला पंगतीतलं स्थान हवं असतं. यातूनच डॉक्टर आणि उलेमा एकत्र बसले आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी मार्गदर्शिका काढली, 2016 मध्ये पहिली, 2021 मध्ये सुधारित. तिच्यात सहा-आठ आठवडे आधी तपासणी सांगितली आहे, कुणी रोजा ठेवूच नये ते सांगितलं आहे, आणि शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्या क्षणी रोजा सोडायचा, हेही. बोट टोचून रक्त पाहिल्याने रोजा तुटत नाही, हेसुद्धा तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण लोक नेमके तेच टाळत होते.

जैनांकडे तर सूट व्रताच्या शब्दांतच बांधलेली आहे. पच्चक्खाण घेतानाच त्यात आगार, म्हणजे अपवाद, उच्चारले जातात : विसरून तोंडात काही गेलं तर, अचानक काही झालं तर, मोठ्यांची आज्ञा झाली तर, आणि आजाराने चित्ताची शांती ढळू लागली तर. अपवाद आधी बोलून मग व्रत घेणारी ही रीत फार शहाणपणाची आहे. नंतर मोडल्याचा डाग राहत नाही.

मग आकडेमोडीच्या आक्षेपाचं काय? भक्तीत मोजमाप कसलं, असं कुणी म्हणेल. त्याने पंचांग उघडून पाहावं. वारकरी भागवत एकादशी पाळतात आणि तिचा दिवस दशमीच्या वेधावर ठरतो. आदल्या सूर्योदयापासून 56 घटकांनंतर, म्हणजे अरुणोदयाला, दशमी पळभर जरी शिल्लक असली तरी एकादशी विद्ध होते आणि उपवास दुसऱ्या दिवशी जातो. पळ म्हणजे 24 सेकंद. जपाला 108 मणी, पारण्याला ठरलेली वेळ. ज्या परंपरेने तिथीचा स्पर्श सेकंदांत मोजला तिला अर्धं युनिट परकं वाटायचं काहीच कारण नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना योग्याचं खाणं, बोलणं, चालणं, झोपणं हे सगळं मोजूनमापून असावं असंच सांगितलं आहे. अति खाणारा योगी होत नाही आणि मुळीच न खाणाराही होत नाही, हे तर मूळ गीतेतच आहे. न खाण्याचा अतिरेक तिथे खादाडपणाच्या बरोबरीने बसवला आहे, आणि नेमका तो भाग आपण सोयीने विसरतो.

काहींनी मात्र उपवास करूच नये आणि त्यात आडवळण नको. ज्यांची साखर उतरलेली त्यांना स्वतःला कळत नाही, गेल्या काही महिन्यांत जे एकदा बेशुद्ध झाले आहेत, ज्यांची किडनी अधू आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांना कोणतंही पेन वाचवणार नाही. त्यांच्यासाठी प्रतिनिधीची तरतूद आहेच, आणि ती आजच्या घरांनी पुन्हा वापरात आणावी इतकी सुंदर आहे. आईच्या नावाने मुलाने एकादशी करायची. आईने वेळेवर जेवायचं, वेळेवर सुई घ्यायची. दोघांचंही व्रत.

खानदेशात आणखी एक अडचण आहे, ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि निर्जला एकादशी ज्येष्ठात येते. मधुमेहात पाणी तोडणं हे अन्न तोडण्यापेक्षा वाईट. त्याच दिवसांत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभर चालून आषाढीला पंढरपूर गाठते. रोजच्या पायपिटीने इन्सुलिनची गरज घटते; घरची मात्रा वाटेत जशीच्या तशी घेतली तर साखर उतरणार. चालू पेन फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, पण बंद टेम्पोत किंवा उन्हातल्या पिशवीतही ठेवायचं नाही. जीनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानावर इन्सुलिन तपासलं. 25 ते 37 अंशांमध्ये चार आठवडे त्याची शक्ती टिकते, असं 2021 साली प्रसिद्ध झालं. आपला माठ किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेलं भांडं सावलीत तेवढं तापमान बऱ्यापैकी सांभाळतं.

आषाढी, श्रावण, नवरात्र, पर्युषण, रमजान यांच्या तारखा वर्षभर आधी छापलेल्या असतात. सावदा-रावेर भागातल्या कीर्तनकारांनी, मंदिरातल्या साधूंनी, मौलानांनी आणि जैन महाराजसाहेबांनी त्याआधी दीड-दोन महिने एवढंच जाहीर सांगावं : सुईने व्रत मोडत नाही, सुई बंद करू नका, आणि उपास धरण्याआधी आपल्या डॉक्टरांना कोणता उपास, किती दिवस, काय खाणार हे सांगून मात्रा लिहून घ्या. डॉक्टरांनीही 'उपास-बिपास बंद' म्हणून विषय तोडू नये. रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि एकादशी करतोच. उपासाच्या दिवशी खिशात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या, आणि शुगर 70 च्या खाली दिसली की ती तिथल्या तिथे खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.